यंत्राची चिमूट : इष्टतम कोणासाठी?

मनगटी घड्याळ, कानाचे श्रवणयंत्र, खिशातला फोन आणि मोटारीच्या चाकातील बॉल बेअरिंग या वस्तू एकमेकींहून अगदी भिन्न दिसतात. परंतु त्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. लहान लहान सुटे भाग एकत्र जुळवून त्या सिद्ध केल्या जातात. प्रत्येक सुटा भाग उचलावा लागतो, योग्य दिशेला वळवावा लागतो, ठरलेल्या जागी नेऊन ठेवावा लागतो आणि अखेर सोडून द्यावा लागतो. मनुष्य हे काम अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीने करतो. तेच काम यंत्रमानवाकडे सोपवावयाचे तर त्याच्या बाहूच्या टोकाशी एक लहानशी पकड बसवावी लागते. स्वयंपाकघरातील सांडशी, सोनाराचा चिमटा व सुताराची पक्कड यांचीच ती दूरची बहीण होय.

या पकडीची घडण अधिकाधिक चांगली कशी करावी, याचा अभ्यास आज जगभर चालू आहे. माझ्या मते या अभ्यासात एक उणीव वारंवार राहते. पकडीची योग्यता बहुधा तिचा जोर, वजन आणि वेग यांवरून ठरविली जाते. वस्तू सुखरूप जागेवर पोहोचली काय, आणि पकडीने ती वेळेवर सोडली काय, हे प्रश्न मागाहून विचारले जातात. ते सर्वांत आधी विचारले पाहिजेत. आणि ज्या कारागिरांना ते विचारण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना या अभ्यासात स्थान दिले पाहिजे, असे या लेखात मांडावयाचे आहे. उदाहरणासाठी जयपूर हे शहर घेतले आहे.

जयपूरच का?

सवाई जयसिंग (दुसरे) यांनी १७२७ मध्ये हे शहर वसविले. त्यांनीच उभारलेल्या येथील जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ वाचता येते. ही अचूकता आकार वाढवून साधलेली आहे. परंतु सूर्य हा बिंदू नसून थाळी आहे; त्यामुळे सावलीची कड पुसट असते, आणि यंत्र जितके मोठे तितका हा पुसट पट्टाही रुंद होत जातो. म्हणजे केवळ आकार वाढवीत गेल्याने अचूकता अमर्याद वाढत नाही. एका गुणाच्या मागे लागले की दुसऱ्या बाजूने मर्यादा येऊन उभी राहते. पकडीच्या घडणीतही हाच अनुभव येतो.

वेधशाळेपासून थोड्याच अंतरावर जोहरी बाजार आहे. रंगीत रत्नांना, विशेषतः पाचूला, पैलू पाडण्याच्या कामासाठी जयपूर जगात विख्यात आहे. झांबिया, कोलंबिया व ब्राझील या दूरच्या देशांतील खाणींतून निघालेला कच्चा पाचू येथे येतो आणि पैलूदार होऊन बाहेर पडतो. कुंदनाचे जडावकाम आणि मीनाकारी हीही येथील जुनी कामे. काही मिलिमीटरांचे, कधी त्याहूनही लहान खडे उचलून अचूक जागी बसविणे हा या कारागिरांचा रोजचा उद्योग आहे.

याच शहरात १९४६ मध्ये नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज या कंपनीची स्थापना झाली. 'एनबीसी' या नावाची तिची बेअरिंगे आपल्या रेल्वेत व मोटारींत वापरली जातात. १९६३ मध्ये येथे मालवीय प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. २००२ पासून ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. हाताची सूक्ष्म कारागिरी, यंत्राने होणारी सूक्ष्म जुळणी आणि अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच गावात नांदत असलेली शहरे आपल्या देशात फार थोडी आहेत.

मोठ्या पकडीकडून लहान पकडीकडे

कारखान्यात कामाला लागलेला पहिला औद्योगिक यंत्रमानव म्हणजे 'युनिमेट'. १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो बसविण्यात आला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम होते. त्या कामाला जोर हवा होता. नाजूकपणाची गरज फारशी नव्हती. सुट्या भागांच्या जुळणीसाठी सोयीचा असा बाहू पुढे १९७८ मध्ये जपानमधील यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी तयार केला. तो वरखाली ताठ राहतो व आडव्या दिशेने किंचित नमतो. पोलादी खुंटी छिद्रात घालताना ती आपोआप सरकून नेमकी बसावी, हा त्यामागील हेतू होता.

याहून लहान जगाचा विचार भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात मांडला. यंत्रे अत्यंत लहान केली तर गुरुत्वाकर्षणाचे महत्त्व कमी होईल आणि भाग एकमेकांना चिकटू लागतील, असा इशारा त्यांनी त्याच वेळी दिला होता. एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर बाजूच्या घनात मावेल अशी विद्युत मोटार करणाऱ्यास त्यांनी १००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने १३ भागांची तशी मोटार तयार करून बक्षीस मिळविले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ती मोटार कोणत्याही नव्या महायंत्राने घडविलेली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली, साध्या हत्यारांनी, हातानेच ती जुळविलेली होती.

लहान जगाचे निराळे नियम

आता थोडे गणित पाहू. पाच ग्रॅम वजनाचा पोलादी भाग दोन बोटांच्या पकडीने उचलावयाचा आहे. बोटे गुळगुळीत असून घर्षणांक ०.२ आहे, असे समजा. यंत्राचा बाहू तो भाग गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट त्वरणाने वर खेचतो. त्यामुळे भागाचे वजन जणू तिप्पट, म्हणजे १५ ग्रॅम होते. दोन्ही बोटांच्या घर्षणाने हा भार पेलावयाचा तर प्रत्येक बोटाने सुमारे ३७ ग्रॅम वजनाइतका दाब द्यावा लागतो. सुरक्षिततेसाठी तो दुप्पट धरला, तर ७५ ग्रॅम होतो. पाच ग्रॅमच्या वस्तूला पंधरापट दाब!

हा ७५ ग्रॅमचा दाब १ चौरस मिलिमीटर पृष्ठावर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला तो ७.५ किलोग्रॅम भरतो. परंतु बोटाचे टोक अणकुचीदार असून ते केवळ ०.०१ चौरस मिलिमीटर जागेवर टेकत असेल, तर तोच दाब दर चौरस सेंटिमीटरला ७५० किलोग्रॅम होतो. पाचू हा कठीण असूनही ठिसूळ असतो, आणि त्याच्या पोटात बहुधा बारीक चिरा असतात. असा खडा या दाबाखाली तडकण्याची भीती असते. म्हणून पकडीचा जोर वाढविण्यापेक्षा टेकण्याची जागा वाढविणे, अथवा घर्षण वाढविणे, हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

दुसरा नियम अधिक चमत्कारिक आहे. वस्तूचे वजन तिच्या घनफळावर अवलंबून असते. चिकटण्याच्या शक्ती मात्र पृष्ठभागाशी निगडित असल्याने त्या इतक्या झपाट्याने कमी होत नाहीत. पोलादाची १० मिलिमीटर व्यासाची गोळी घ्या. तिचे वजन सुमारे ४ ग्रॅम असते. तिच्यात व एका सपाट पृष्ठात पाण्याचा पातळ थर असेल, तर पृष्ठताणामुळे निर्माण होणारी ओढ फार तर अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास भरते. वजन या ओढीच्या सुमारे नऊपट असल्याने गोळी खाली पडते. आता १ मिलिमीटर व्यासाची गोळी घ्या. तिच्या बाबतीत ओढच वजनाच्या सुमारे अकरापट ठरते. गोळी ०.१ मिलिमीटरची केली की ओढ वजनाच्या हजारपटीहून अधिक होते. पृष्ठे खडबडीत असली तर हे आकडे उतरतात, परंतु त्यांचा कल बदलत नाही. शिवाय कोरड्या हवेत स्थिर विद्युत् आणि अगदी जवळ आलेल्या रेणूंमधील आकर्षण याही शक्ती आपापला वाटा उचलतात.

याचा परिणाम असा की, मोठ्या जगात वस्तू पकडणे अवघड व सोडणे सोपे असते. लहान जगात वस्तू सहज चिकटते आणि सोडविणे अवघड जाते. बोटे उघडली तरी कण एका बोटाला लोंबकळत राहतो. अशा ठिकाणी अधिक जोराची पकड घडवून काय साधणार?

'इष्टतम' या शब्दाचा अर्थ

इंग्रजीतील 'ऑप्टिमम' या शब्दासाठी आपल्या पारिभाषिक कोशांनी 'इष्टतम' हा शब्द स्वीकारला आहे. सर्वांत इष्ट ते इष्टतम. हा शब्द मला फार समर्पक वाटतो, कारण तो उच्चारताच दुसरा प्रश्न मनात उभा राहतो: इष्ट, पण कोणाला व कशासाठी?

अभियंता जेव्हा एखाद्या पकडीची इष्टतम घडण शोधतो, तेव्हा त्याला तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे बदलता येणारी मापे: बोटांची लांबी, जाडी, टोकाचा आकार, द्रव्य. दुसरी गोष्ट म्हणजे न ओलांडावयाच्या मर्यादा: किंमत, तापमान, द्रव्याची सहनशक्ती. तिसरी गोष्ट म्हणजे उद्दिष्ट, अर्थात ज्या एका मापावरून एक घडण दुसरीहून चांगली म्हणावयाची ते माप. एवढे सांगितले की संगणक हजारो आकार तपासून त्यांतील उत्तम तो निवडून देतो. नको तेथील द्रव्य काढून टाकीत तो कधीकधी झाडाच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या विलक्षण आकृती समोर ठेवतो. हे साधन मोठे मोलाचे आहे. परंतु उद्दिष्ट कोणते असावे, हे संगणक सांगत नाही. ते माणसाने सांगावे लागते, आणि चूक होते ती येथेच.

वजन कमीत कमी असावे एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर बोटे बारीक होतात. एका टोकाशी घट्ट बसविलेल्या पट्टीची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराखाली ती आठपट वाकते. जाडी निम्मी केली, तरीही आठपट वाकते. अशी हलकी बोटे वेगाने फिरतात खरी, पण थांबल्यावर कापत राहतात, आणि कंप शमेपर्यंत वाट पाहण्यात वाचविलेला वेळ खर्ची पडतो. बोटांची उघडझाप मोठी असावी असे उद्दिष्ट ठेवले, तर दुसरी अडचण येते. विजेच्या दाबाने लांबी बदलणारे दाबविद्युत् स्फटिक अशा लहान पकडींत वापरतात. १० मिलिमीटर लांबीचा असा स्फटिक सुमारे मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढाच लांबतो. तरफेच्या साह्याने ही हालचाल वीसपट वाढविता येते. परंतु मग जोर विसाव्या हिश्श्यावर येतो आणि ताठपणा चारशेव्या हिश्श्यावर उतरतो. सम्राट यंत्राच्या पुसट सावलीची येथे आठवण होते.

तेव्हा उद्दिष्ट हे पकडीच्या अंगी असलेल्या गुणांत शोधू नये; ते कामाच्या फलात शोधावे. शंभर भाग उचलले, त्यांतील किती भाग ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने, ओरखडा न पडता बसले? हा आकडा हेच खरे उद्दिष्ट. जोर, वजन व वेग ही त्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची साधने आहेत.

लाखेची काडी

हा विचार जयपूरच्या कारागिराला नवा नाही. पैलू पाडताना कच्चा खडा परंपरेने लाखेने काडीच्या टोकाशी चिकटवितात. लाख ऊब मिळाली की मऊ होते आणि खड्याच्या वेड्यावाकड्या अंगाशी तंतोतंत मिळून जाते. ती थंड झाली की कठीण होते. खडा आता फिरत्या सहाणेवर दाबला तरी हलत नाही. तरीही त्याला कोणत्याही बाजूने चेपलेले नसते. काम संपले की पुन्हा ऊब द्यावी, खडा सुटतो. अभियंत्याच्या भाषेत सांगावयाचे, तर ही पकड वस्तूचा आकार स्वतः घेते, दाब सर्वत्र सारखा वाटते आणि तापमानाच्या आज्ञेने सोडते. आज प्रयोगशाळांतून अशाच तत्त्वावर काम करणाऱ्या पकडी तयार झाल्या आहेत. त्यांतील काही पाण्याचा थेंब गोठवून सूक्ष्म भाग धरतात व तो वितळवून सोडतात.

अगदी लहान खडा उचलताना जडावाचा कारागीर टोकाला मेण लावलेली काडी वापरतो. खडा मेणाला चिकटतो, कोंदणाशी नेला जातो आणि तेथे दाबून बसविला जातो. काडी मागे घेताना खडा कोंदणातच का राहतो? कारण कोंदणाची धारणशक्ती मेणाच्या शक्तीहून अधिक असते. कुंदनकामात कोंदणात लाख भरलेली असते. खडा तिच्यात बसतो व मग भोवती शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून तो पक्का केला जातो. येथे सूक्ष्म जुळणीचा एक मूलभूत नियम कोणत्याही सूत्रावाचून पाळला गेला आहे: वस्तूवर पकडीची जी सत्ता असेल, तिच्याहून मुक्कामाच्या जागेची सत्ता मोठी हवी. सूक्ष्म पकडीचे अभ्यासक याच हेतूने बोटांची टोके मुद्दाम खडबडीत करतात, त्यांवर पाणी न धरणारा लेप देतात, स्थिर विद्युत् जमिनीत वाहून नेतात, हलका कंप देतात किंवा हवेची बारीक फुंकर मारतात.

विद्युन्मंडलावर सुटे भाग बसविणाऱ्या यंत्रांत पोकळ नळीने हवा शोषून भाग उचलतात. ०.४ मिलिमीटर लांब व ०.२ मिलिमीटर रुंद असे अतिसूक्ष्म भागही आज या रीतीने बसविले जातात. परंतु हे यश नळीला एकटीला मिळालेले नाही. भाग जेथे ठेवावयाचा तेथे आधीच चिकट डाखलेप लावलेला असतो, आणि तोच भागाला आपल्याकडे ठेवून घेतो. कोंदणातील लाखेचे काम येथे डाखलेप करतो, एवढेच.

थोडी सैलता हवी

कारागिराच्या हाताचा आणखी एक गुण असा की, तो कोठे ताठ राहावे व कोठे नमावे हे जाणतो. घट्ट छिद्रात खुंटी घालताना ती किंचित तिरकी झाली तर अडकते; मग जितका जोर लावावा तितकी ती अधिक अडकते. मनुष्य अशा वेळी हात सैल सोडतो, खुंटी थोडी हलवितो आणि ती आपली वाट शोधते. अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात या क्रियेचे गणित मांडण्यात आले. बाहू व पकड यांच्यामध्ये ठरावीक दिशांनीच नमणारा एक लवचिक जोड बसवून तेथील संशोधकांनी ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. त्यात संगणकाचे साह्य लागत नाही. नमणे हे घडणीतच आहे.

सोनाराचा चिमटा हाही असाच एक बिनसांध्याचा लवचिक पदार्थ आहे. त्याला खिळ नाही, तेल नाही, झिजणारा भाग नाही. पट्टी वाकते आणि टोके जवळ येतात. लहान यंत्रपकडींतही आता सांध्यांऐवजी बारीक लवणाऱ्या मानेची योजना करतात, कारण सांध्यातील केसाएवढी ढिलाईसुद्धा सूक्ष्म जुळणीत मोठी चूक ठरते. अर्थात, मान वारंवार वाकून थकते व मोडते; तिची जाडी ठरविताना या मर्यादेचा हिशेब ठेवावा लागतो.

बेअरिंगच्या जुळणीत हे सर्व प्रश्न एकत्र येतात. नेहमीच्या बॉल बेअरिंगमध्ये आतले कडे एका बाजूला सरकवून निर्माण झालेल्या चंद्रकोरीसारख्या फटीत गोळ्या भरतात. मग कडे मध्यावर आणून गोळ्या समान अंतरावर पसरतात व पिंजऱ्याने बांधून टाकतात. या गोळ्यांवर ओरखडा पडता कामा नये. माणसाच्या घामानेही त्यांना गंज चढू शकतो. येथे पकड जोरकस असण्यापेक्षा स्वच्छ व मऊ स्पर्शाची असणे अधिक इष्ट.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, कारागिराचे ज्ञान यंत्रात उतरविले म्हणजे कारागिराचीच गरज संपेल. तेव्हा त्याने आपली विद्या का सांगावी? हा आक्षेप हलका नाही. पैलूकामात व जडावात असंख्य कुटुंबांचे पोट आहे. परंतु त्या कामातील सर्वच भाग राखून ठेवण्याजोगे आहेत असे नव्हे. एकाच मापाचे शेकडो खडे तासन्‌तास वाकून वेचीत बसणे, त्यापायी मान व डोळे गमावणे, यात कारागिरी थोडी व झीज फार आहे. खड्याचा रंग व त्यातील चिरा पाहून पैलू कोठे पाडावा हे ठरविणे ही खरी विद्या. पहिले काम यंत्राने घ्यावे व दुसरे माणसाकडे राहावे, अशी वाटणी करता येते. मात्र ती वाटणी कारागिराला विचारून झाली पाहिजे.

असे सहकार्य जयपुरात पूर्वी घडले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय तयार केला. परदेशी कृत्रिम पाय बूट घालून चालणाऱ्या माणसासाठी उत्तम होते. आपल्याकडील शेतकऱ्याला अनवाणी चालावयाचे होते, उकिडवे बसावयाचे होते, मांडी घालावयाची होती, ओल्या शेतात उतरावयाचे होते. इष्ट काय, हे वापरणाऱ्याच्या जीवनावरून ठरविण्यात आले आणि मग रबर व लाकूड यांसारख्या साध्या द्रव्यांतून तो पाय घडला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. परंतु रामचंद्र शर्मा यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कारागिराचे ज्ञान घ्यावयाचे तर आराखड्यावर त्याचे नाव आणि लाभात त्याचा वाटा, या दोन अटी पुढील काळात पाळल्या गेल्या पाहिजेत. एरवी त्याने आपली विद्या झाकून ठेवली, तर त्याला दोष देता येणार नाही.

काय करावे?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पकडीचा आराखडा संगणकावर चढविण्यापूर्वी काही आठवडे एखाद्या जडाव-कारागिराच्या शेजारी बसून निरीक्षण करावे. तो कोणता खडा बोटाने, कोणता चिमट्याने व कोणता मेणाने उचलतो, आणि का, याची नोंद करावी. पकडीची चाचणी घेताना उचललेल्या भागांची व नीट सोडलेल्या भागांची संख्या वेगवेगळी लिहावी. त्या दिवशीची हवेतील आर्द्रताही लिहावी. मे महिन्यातील जयपूरच्या कोरड्या हवेत स्थिर विद्युत् त्रास देते. जुलैतील रत्नागिरीच्या दमट हवेत पाण्याचा थर चिकटपणा आणतो. एका ठिकाणी इष्टतम ठरलेली घडण दुसऱ्या ठिकाणी तशी ठरेलच, असे मानण्याचे कारण नाही.

शाळांतून याचा एक सोपा प्रयोग करता येईल. कागदावर समान अंतराने वीस ठिपके काढावेत आणि प्रत्येक ठिपक्यावर मोहरीचा एक दाणा ठेवावयाचा असे ठरवावे. प्रथम चिमटा, मग ओली काडी, मग मेण लावलेली काडी घ्यावी. किती दाणे उचलले गेले व किती ठिपक्यावर राहिले, हे दोन आकडे प्रत्येक वेळी मांडावेत. नंतर ठिपक्यांवर थोडी खळ लावून तोच प्रयोग पुन्हा करावा. ओल्या काडीला दाणा चटकन चिकटतो, पण कोरड्या कागदावर तो उतरावयास तयार नसतो. खळ लावलेल्या ठिपक्यावर मात्र तो सहज राहतो, असे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा हा प्रयोग केल्यास आकड्यांतील फरकावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. वीस दाणे, एक काडी आणि प्रामाणिक नोंद एवढे पुरे आहे. गावातील एखाद्या सोनाराला किंवा घड्याळजीला त्या दिवशी वर्गात बोलवावे, आणि दाणे त्यांच्या हातूनही ठेववून पाहावेत. त्यांचे आकडे विद्यार्थ्यांच्या आकड्यांशेजारी लिहावेत व फरक कशामुळे पडला हे त्यांनाच विचारावे. पकडीच्या अभ्यासाला तेथून सुरुवात झाली, तर तो योग्य दिशेने जाईल, असा मला विश्वास वाटतो.